प्रत्येक स्रोताचा ठावठिकाणा : अणुऊर्जा नियामक मंडळाची चाळीस वर्षे

अणुऊर्जा नियामक मंडळाचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा तारापूर, कैगा किंवा कुडनकुलमच्या बातमीत. भट्टीला मंजुरी दिली, अटी घातल्या, अहवाल मागवला, अशा स्वरूपाची ती बातमी असते. मंडळाचे ते काम मोठेच आहे. या स्मरणिकेत माझ्या वाट्याला आलेला विषय मात्र अणुवीज केंद्रांच्या कुंपणाबाहेरचा आहे. रुग्णालयातले कोबाल्टचे यंत्र, पाइपलाइनचे वेल्डिंग तपासणारा इरिडियमचा कॅमेरा, कागद कारखान्यात जाडी मोजणारा गेज, तेलविहिरीत उतरवायचा सीझियमचा स्रोत, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला गॅमा सेल आणि तालुक्यातालुक्यातली एक्स-रे यंत्रे हा सगळा पसारा त्यात येतो. किरणोत्साराने या देशात भंगाराच्या बाजारात काम करणारा माणूस दगावला आहे. त्यामुळे मंडळाच्या इतिहासातला हा कमी बोलला जाणारा अर्धा भाग मला अधिक जवळचा वाटतो.

या कामाची पाळेमुळे मंडळाच्या स्थापनेच्या बरीच मागे जातात. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा कर्करोगावर रेडियमच्या सुया आणि नळ्या वापरल्या जात. त्या चिमट्याने हाताळणाऱ्या माणसाला किती मात्रा मिळाली, हे मोजण्याची सोय जवळपास नव्हतीच. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली आणि देशातच किरणोत्सारी समस्थानिके बनू लागली. १९५७ साली मद्रासला अड्यारच्या कर्करोग संस्थेत देशातले पहिले कोबाल्ट यंत्र बसले. आता किरणोत्सारी पदार्थ तुर्भ्याच्या आवारात राहणार नव्हते, ते गावोगावी जाणार होते.

डॉ. होमी भाभा यांना ही गोष्ट फार लवकर दिसली होती. २७ फेब्रुवारी १९६० रोजी त्यांनी तुर्भ्याच्या आपल्या संस्थेसाठी एक आदेश काढला. किरणोत्सारी पदार्थ हाताळताना इथल्या कामगाराला किंवा इतर कोणालाही इजा होता कामा नये, एवढे सांगून ते थांबले नाहीत. देशातल्या इतर संस्थांना ‘असे करा’ म्हणून दाखवता येईल इतके चोख काम इथे झाले पाहिजे, असेही त्यांनी बजावले. नियमनाचा पाया या दुसऱ्या वाक्यात आहे असे मी मानतो. तुर्भ्याची शिस्त बाहेरच्यांना लागू करण्याचा विचार त्यात पहिल्यांदा स्पष्ट झाला.

ती शिस्त बाहेर नेली माणसांनी. डॉ. अनिलकुमार गांगुली यांच्या नेतृत्वाखाली तुर्भ्याला आरोग्य भौतिकीचा विभाग उभा राहिला. १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा सुरू झाला. कर्करोग रुग्णालयांत विकिरण सुरक्षा अधिकारी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘आरएसओ’, म्हणून काम करणाऱ्या कित्येक पिढ्या या अभ्यासक्रमातून बाहेर पडल्या. पुढे नियम झाले, परवाने आले, पण रोजच्या कामात नियम पाळला गेला की नाही हे पाहणारा माणूस शेवटी हाच होता आणि आजही आहे.

छातीवर लावायच्या बिल्ल्याची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. सुरुवातीला त्यात छायाचित्रणाची फिल्म असे. किरण पडले की फिल्म काळी पडे आणि त्या काळेपणावरून मात्रा काढत. पण आपल्याकडची उष्णता आणि दमट हवा फिल्मला मानवत नाही. पावसाळ्यात ती आपोआप धूसर होई आणि मोजमापात घोळ होई. १९७५ पासून फिल्मची जागा टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बॅजने घेतली. आत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन छोट्या पांढऱ्या चकत्या असतात. डिस्प्रोशियम मिसळलेले कॅल्शियम सल्फेट टेफ्लॉनमध्ये बसवून त्या बनवतात. एक चकती धातूच्या गाळणीखाली, दुसरी प्लास्टिकखाली आणि तिसरी उघड्या खिडकीसमोर, म्हणजे किरण कोणत्या जातीचे होते तेही ओळखता येते. चकती प्रयोगशाळेत तापवली की ती उजेड देते, आणि जितकी मात्रा जास्त तितका उजेड जास्त. ही सामग्री देशात तयार झाली आणि आज लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या मात्रेचा हिशेब तिच्यावर चालतो. बहुतेकांचा बॅज दर तीन महिन्यांनी तपासला जातो. कर्मचाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट आणि त्यातल्या कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट, ही आपली मर्यादा आहे. जगात अनेक ठिकाणी एका वर्षासाठी ५० ची मुभा आहे. आपण ३० वर थांबलो, याचा मला अभिमान वाटतो.

कायद्याची चौकट हळूहळू घडली. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आला आणि त्याखाली १९७१ चे विकिरण संरक्षण नियम झाले. परवान्याशिवाय स्रोत बाळगायचा नाही, परस्पर दुसऱ्याला द्यायचा नाही, हे त्यांतून कायद्याने ठरले. मात्र समस्थानिके बनवणारे तुर्भे, पुरवणारे तुर्भे आणि देखरेख करणारेही तुर्भेच, अशी स्थिती होती. माणसे प्रामाणिक होती, तरी ही रचना बरोबर नव्हती. १९७९ साली अणुऊर्जा विभागाने नेमलेल्या मेकोनी समितीने सुरक्षेचे काम वेगळ्या, अधिकार असलेल्या मंडळाकडे द्यावे असे सुचवले. ते मंडळ प्रत्यक्षात येण्याआधी, १९८२ साली, मुंबईत विक्रोळीला इरिडियम-१९२ चा हरवलेला एक स्रोत भलत्याच माणसाच्या हाती पडला आणि त्याच्या अंगावर किरणोत्साराची खोल जखम झाली. औद्योगिक वसाहतींच्या या शहरात असे पुन्हा होऊ शकते, हे त्या घटनेने दाखवले.

१५ नोव्हेंबर १९८३ रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. पहिले अध्यक्ष प्रा. ए. के. डे हे पवईच्या आयआयटीचे संचालक राहिलेले होते. पुढे २००० ते २००५ या काळात अध्यक्ष असलेले प्रा. सुहास सुखात्मे हेही त्याच आयआयटीचे माजी संचालक. अणुऊर्जा विभागाबाहेरची, अध्यापनाची सवय असलेली माणसे या खुर्चीवर बसली याचा मंडळाच्या स्वभावावर परिणाम झाला. मंडळाच्या सुरक्षा संहिता आणि मार्गदर्शिका वाचताना तो जाणवतो. त्या हुकूम सोडत नाहीत, कारण समजावून सांगतात. पहिली काही वर्षे रुग्णालये आणि कारखान्यांची तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्राचेच, म्हणजे तुर्भ्याचेच, तज्ज्ञ मंडळाच्या वतीने करत. नंतर मंडळाचा स्वतःचा विकिरण सुरक्षा विभाग उभा राहिला आणि अणुशक्तीनगरचे नियामक भवन हा देशभरातल्या आरएसओंच्या पत्रव्यवहाराचा कायमचा पत्ता झाला.

बाहेरच्या क्षेत्रांपैकी मंडळाला सर्वांत जास्त काळजी लावली ती औद्योगिक रेडिओग्राफीने. हे काम ज्याने पाहिले नाही त्याला त्यातली जोखीम लक्षात येणे कठीण. रिफायनरीत किंवा पाइपलाइनवर दिवसभर वेल्डिंग चालते आणि तपासणी बहुधा रात्री, इतर कामगार गेल्यावर होते. दोरी बांधून, दिवे लावून जागा मोकळी करतात. कॅमेरा म्हणजे घट्ट मुठीची एक जड पेटी. तिच्या पोटात क्षीण (डिप्लिटेड) युरेनियमचे कवच असते आणि कवचाच्या मधोमध लवचिक तारेच्या टोकाला इरिडियमचा स्रोत असतो. तो जेमतेम काही मिलिमीटरचा, डाळीच्या दाण्याएवढा. तारेच्या या तुकड्याला कामगार ‘पिगटेल’ म्हणतात. रेडिओग्राफर दूर उभा राहून हँडल फिरवतो, स्रोत नळीतून सरकत वेल्डिंगच्या जोडापाशी जातो, पलीकडे लावलेली फिल्म ठरलेला वेळ किरण घेते आणि हँडल उलटे फिरवून स्रोत परत पेटीत ओढला जातो. खरा प्रसंग आहे तो यानंतरचा. स्रोत नक्की आत आला का? पिगटेल सुटून नळीतच राहिले असेल, तर हँडल मात्र पूर्ण फिरलेले असते आणि बघणाऱ्याला सगळे ठीक दिसते. म्हणून दर एक्स्पोजरनंतर किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर हातात धरून पेटीपर्यंत आणि नळीच्या टोकापर्यंत चालत जायचे, हा नियम. एका रात्रीत पन्नास जोड झाले, तर पन्नास वेळा. पहाटे चारला, कंत्राटदाराची घाई मागे लागलेली असताना, एकावन्नाव्या वेळी मीटर बाजूला ठेवण्याचा मोह होतो आणि बोटे जळतात ती तिथे.

इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस. काही महिन्यांत स्रोत कामापुरता उरत नाही. मग वाशीहून विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून, म्हणजे ‘ब्रिट’कडून, नवा स्रोत येतो आणि जुना परत जातो. म्हणजे देशातल्या रस्त्यांवर हे स्रोत सतत ये-जा करत असतात. १९८० साली रेडिओग्राफीसाठी स्वतंत्र देखरेख पद्धती जाहीर झाल्या आणि पुढे, मंडळ स्थापन झाल्यावर, त्यांची अंमलबजावणी मंडळाकडे आली. प्रमाणपत्र असलेलाच रेडिओग्राफर, साइटवर स्रोत ठेवायची कुलपातली पिट रूम, स्रोत बाहेर काढल्याची आणि आत ठेवल्याची नोंदवही, दुसऱ्या साइटवर नेण्याआधी मंडळाला कळवणे. यातली प्रत्येक अट मागच्या कुठल्यातरी जखमेतून आली आहे. तरीही या क्षेत्राची नाडी मंडळाच्या हातात पूर्ण आली असे म्हणता येणार नाही. रेडिओग्राफर रोजंदारीवर, कंपनी कंत्राटावर आणि कंत्राट सर्वांत कमी दराच्या निविदेवर असते. सुरक्षेला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे निविदेत कोणी धरत नाही. हे दुखणे नियमाने पुरते बरे होणारे नाही, काम देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ते अंगावर घेतले पाहिजे.

इतर क्षेत्रे त्या मानाने शांत राहिली. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून जाणाऱ्या गॅसबत्तीच्या मँटलमध्ये थोरियम असते, हे ती वाहणाऱ्याला कुठून माहीत असणार! असल्या वस्तूंसाठीही मंडळाने मर्यादा आखून दिल्या. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ साली ‘कृषक’ हे केंद्र सुरू झाले. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून तिथे कोबाल्टचे किरण देतात. २००७ पासून इथूनच विकिरित हापूस अमेरिकेला जाऊ लागला. आंब्यातल्या किडीसाठी किमान ४०० ग्रे लागतात, कांद्याला त्याच्या चौथाईहूनही कमी पुरतात. किरण दिल्याने फळ किरणोत्सारी होत नाही, हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. मंडळाचे लक्ष मात्र केंद्राच्या जाड काँक्रीट भिंतींवर आणि स्रोत उघडा असताना दार उघडूच नये अशी जी अडसर-व्यवस्था असते तिच्यावर असते. अशा केंद्रात स्रोत इतका प्रखर असतो की चुकून आत गेलेल्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही.

१९८७ च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात, सोडून दिलेल्या एका उपचार केंद्रातून सीझियम-१३७ चे यंत्र भंगारात गेले. अंधारात निळसर चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली आणि चार जण मेले. तेव्हापासून जगभरच्या नियामकांचे लक्ष वापरात असलेल्या स्रोतावरून वापर संपलेल्या स्रोताकडे वळू लागले. वापरातल्या स्रोताला मालक असतो, कुलूप असते, आरएसओ असतो. वापर संपला की तो अडगळ होतो, आणि अडगळीचा हिशेब कोणी ठेवत नाही. आपल्याकडे २००४ साली १९७१ च्या नियमांची जागा नव्या विकिरण संरक्षण नियमांनी घेतली. त्यांत मालकाची जबाबदारी स्रोताच्या विल्हेवाटीपर्यंत ताणली गेली. परदेशातून स्रोत आणायचा तर मंडळाची ना-हरकत हवी आणि काम संपल्यावर तो परत कसा जाणार हे आधीच लेखी ठरलेले हवे. सुखात्मे यांच्या कारकिर्दीतले हे काम फारसे गाजले नाही, पण माझ्या मते मंडळाने केलेल्या सर्वांत मोलाच्या कामांपैकी ते एक आहे.

तरी नियमाच्या आधीचे स्रोत देशात होतेच, आणि भंगारातून परदेशातले स्रोतही येत होते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांमध्ये कोबाल्ट-६० सापडले. ती बटणे भारतातून गेलेल्या पोलादाची होती आणि माग काढत तपास खोपोलीजवळच्या एका ओतशाळेपर्यंत आला. भंगार वितळवताना त्यात कोबाल्टचा स्रोत गेला होता. एकदा वितळला की त्याला परत वेगळे करता येत नाही, तो त्या धातूतच राहतो. बंदरांवर आणि पोलाद कारखान्यांच्या दारात किरणोत्सार ओळखणारी यंत्रे हवीत, हा आग्रह त्यानंतर वाढला.

दीड वर्षाने दिल्लीत मायापुरी घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेला एक गॅमा सेल, म्हणजे प्रयोगासाठी किरण देणारे कोबाल्टचे यंत्र, होता. तो १९७० च्या सुमाराचा, म्हणजे नियमांच्याही आधीचा. १९८५ नंतर तो वापरात नव्हता. त्यावर काम करणारे प्राध्यापक निवृत्त झाले, खोलीत ते जड यंत्र राहिले आणि २०१० च्या फेब्रुवारीत ते जुन्या सामानाबरोबर लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात शिशासाठी आणि पोलादासाठी ते फोडण्यात आले. आतल्या कोबाल्टच्या कांड्या वेगळ्या झाल्या, काहींचे तुकडे झाले. एका दुकानदाराने एक चमकदार तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. एप्रिलच्या सुरुवातीला अंग काळे पडलेले, केस गळणारे, उलट्या होणारे लोक रुग्णालयात येऊ लागले, तेव्हा एका डॉक्टरांच्या मनात शंका आली आणि मंडळाला कळवले गेले. मंडळाचे, भाभा केंद्राचे आणि नरोरा अणुवीज केंद्राचे लोक त्या अरुंद गल्ल्यांत मीटर घेऊन उतरले. एकेक ढिगारा उपसत त्यांनी तुकडे शोधून काढले आणि शिशाच्या पेट्यांत घालून नरोराला नेले. २६ एप्रिलला भंगार दुकानात काम करणारा एक माणूस मरण पावला, आणखी काही जण गंभीर भाजले. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर ही घटना चौथ्या पातळीची ठरली.

मायापुरीत शोधकार्य करणाऱ्यांनी जे धैर्य दाखवले त्याला तोड नाही. पण ते यंत्र त्या खोलीत आहे, हे पंचवीस वर्षे कुठल्याही नोंदीत जिवंत नव्हते, ही गोष्ट मंडळाच्या स्मरणिकेत लिहिलीच पाहिजे. दोष विद्यापीठाचा होता, तसा व्यवस्थेचाही होता. मंडळाने नंतर देशभरातल्या विद्यापीठांकडे आणि संशोधन संस्थांकडे जुन्या स्रोतांची यादी मागितली, भंगार व्यापाऱ्यांसाठी माहितीपत्रके काढली, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईच्या प्रादेशिक केंद्रांतून तपासणीचा आवाका वाढवला.

त्यापुढचा धक्का कागदोपत्री होता, पण कमी नव्हता. २०१२ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. उरलेली ९१ टक्के नियमनाबाहेर. नियमभंगाला ५०० रुपये दंड, ही रक्कम कायद्यातच तशी होती. मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते त्याच आयोगाचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचे सचिव होते, हेही अहवालाने पुन्हा मांडले. माजी अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी नव्वदच्या दशकातच हा मुद्दा जाहीरपणे काढला होता. २०११ साली स्वतंत्र वैधानिक प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत आले आणि २०१४ साली सभागृहाची मुदत संपल्यावर रद्द झाले. चाळीस वर्षे पूर्ण झाली तेव्हाही, २०२३ साली, मंडळ एका आदेशावरच उभे होते. मंडळातल्या माणसांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही, पण सचोटीला कायद्याचा आधार मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या अहवालानंतर मंडळाने आपली कार्यपद्धती बदलली. २०१३ पासून ‘ई-लोरा’ ही संगणकीय परवाना प्रणाली सुरू झाली. एक्स-रे यंत्राची विक्री, बसवणी, परवाना, स्रोताची मागणी, वाहतूक, परतीची पावती, सगळे एका जागी आले. फायलींचे गठ्ठे घेऊन अणुशक्तीनगरला खेपा घालणारे आमच्या पिढीचे लोक अजून आहेत, त्यांना या बदलाचे मोल सांगावे लागत नाही. आता दाताच्या डॉक्टरांचे छोटे यंत्रही यादीत येते. राज्यांनी स्वतःची विकिरण सुरक्षा संचालनालये काढावीत, ही मंडळाची जुनी मागणी. केरळने त्यात पुढाकार घेतला, बाकीच्या बहुतेक राज्यांत तिने वेग घेतला नाही. लाखभर यंत्रे मुंबईत बसून पाहता येणार नाहीत, हे कोणीही मान्य करील.

सध्या नवी अडचण उपचार क्षेत्रात आहे. कर्करोग रुग्णालये कोबाल्टऐवजी लिनॅक (रेखीय त्वरक) यंत्रे घेत आहेत. भाभा केंद्राने बनवलेले ‘भाभाट्रॉन’ लहान शहरांत अजून मोलाचे काम करते आहे, पण मोठ्या रुग्णालयांतली जुनी कोबाल्ट यंत्रे एकेक करून बंद होत आहेत. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. उपचाराला निरुपयोगी झालेला स्रोतही पुढची कित्येक दशके माणसाला इजा करू शकतो. त्याला बाहेर काढणे, मंजूर पेटीत भरणे, ब्रिटकडे किंवा मूळ पुरवठादाराकडे पोचवणे यासाठी पैसा लागतो. बंद पडलेल्या ट्रस्टच्या रुग्णालयाकडे तो नसतो. म्हणून मंडळाचे अधिकारी आता तपासणीला गेल्यावर चालू यंत्राइतकाच वेळ तळघरातल्या, जिन्याखालच्या आणि जुन्या इमारतीतल्या बंद खोल्यांना देतात. निवृत्त होणाऱ्या आरएसओकडून स्रोतांची यादी, किल्ल्या आणि मीटर नव्या माणसाने सही करून ताब्यात घेतले आहेत की नाही, हेही ते पाहतात.